निळा पंप, लाल जर्सी आणि शंभर मिलिलिटर लघवी

७ सप्टेंबर २०१७. व्हुएल्टा ए एस्पान्या या स्पेनच्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा अठरावा टप्पा, सुआन्सेसपासून सांतो तोरिबिओ दे लिएबानापर्यंत, १६९ किलोमीटरचा. आघाडीवीराची लाल जर्सी ब्रिटनचा सायकलपटू ख्रिस फ्रूम याच्या अंगावर होती आणि तिसऱ्या टप्प्यापासून ती उतरली नव्हती. शर्यतीत जो आघाडीवर असतो त्याची डोपिंग चाचणी रोज होते. त्यामुळे त्या संध्याकाळीही तो नेहमीप्रमाणे नमुना देऊन हॉटेलवर गेला. त्या नमुन्यात सालब्युटामॉल निघालं दर मिलिलिटरला २००० नॅनोग्रॅम. मर्यादा १००० ची. त्याच शर्यतीत त्याने दिलेल्या बाकीच्या २० लघवीच्या नमुन्यांत खुलासा मागावा असं काहीही सापडलं नाही.

सालब्युटामॉल म्हणजे दम्याच्या निळ्या पंपातलं औषध. आपल्याकडे दर दुसऱ्या तिसऱ्या घराच्या कपाटात सापडेल असं. ते प्रमाणात ओढायला बंदी नाही, त्यासाठी आगाऊ परवानगीचा कागदही लागत नाही. मग दुप्पट आकडा आला कुठून, त्याचा अर्थ काय, आणि नऊ महिन्यांनी प्रकरण शिक्षेविना का मिटलं? ज्यांचा मुलगा किंवा मुलगी पोहते, पळते, सायकल चालवते आणि खिशात पंप बाळगते, त्यांनी हे प्रकरण नीट वाचावं. नियम पफ मोजायला सांगतो आणि प्रयोगशाळा लघवी मोजते. सगळा घोळ या दोन मापांच्या मधल्या फटीत आहे.

त्या दोन दिवसांत काय घडलं

फ्रूमला लहानपणापासून दमा. २०१४ च्या दोफिने शर्यतीत चढावर चालत्या सायकलवरून पंप ओढताना तो टीव्हीवर दिसला होता, तेव्हापासून ही गोष्ट जगजाहीर होती. २०१७ च्या जुलैमध्ये त्याने चौथ्यांदा टूर द फ्रान्स जिंकली आणि महिन्याभरात व्हुएल्टाला उभा राहिला. तिसऱ्या आठवड्यात छातीचा त्रास वाढला. ६ सप्टेंबरला लोस माचुकोसच्या भिंतीसारख्या चढावर तो दुसऱ्या क्रमांकावरच्या विन्चेन्झो निबालीपेक्षा ४२ सेकंद मागे पडला आणि १ मिनिट ५८ सेकंदांची आघाडी १ मिनिट १६ वर आली. दुसऱ्या दिवशी त्याने निबालीकडून २१ सेकंद परत मिळवले. वादग्रस्त नमुना याच दिवसाचा. संघाने दिलेला खुलासा असा: त्रास वाढल्यामुळे संघाच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा वाढवली, पण परवानगीच्या आत.

१० सप्टेंबरला माद्रिदमध्ये तो सव्वादोन मिनिटांनी जिंकला. २० सप्टेंबरला यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने त्याला निकाल कळवला. नेमक्या त्याच दिवशी नॉर्वेत बर्गनला जागतिक स्पर्धेची टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने धावायची शर्यत, होती आणि त्यात त्याने कांस्यपदक घेतलं. बाहेर काही फुटलं नाही. १३ डिसेंबरला 'गार्डियन' आणि 'ल मोंद' या दोन वृत्तपत्रांनी बातमी दिली आणि गहजब झाला.

'पकडला गेला तरी लपवलं' असा सूर तेव्हा सगळीकडे होता. त्यात तथ्य नव्हतं. सालब्युटामॉल 'निर्दिष्ट' पदार्थांत मोडतं, म्हणजे ज्याचा वैद्यकीय कारणाने वापर होणं अगदी शक्य आहे अशा गटात. अशा पदार्थाला तात्पुरतं निलंबन आपोआप लागू होत नाही आणि खुलाशाची संधी द्यावीच लागते. तोवर प्रकरण गुप्त ठेवायचं, खेळाडू खेळू शकतो. म्हणूनच प्रकरण उघडं असताना फ्रूम मे २०१८ मध्ये जिरो द'इतालिया या इटलीच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीला उतरला, एकोणिसाव्या टप्प्यावर कोल्ले देल्ले फिनेस्त्रेच्या चढापासून जवळपास ८० किलोमीटर एकटा सुटला आणि जिरोही जिंकली. प्रेक्षकांना आणि प्रतिस्पर्ध्यांना हे खुपणं साहजिक होतं. पण बातमी फुटली हा नियमाचा भंग होता, तो खेळला हा नव्हता.

पंपातून पोटात, पोटातून लघवीत

साध्या पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम सालब्युटामॉल असतं. वाडाचा, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचा, २०१७ चा नियम होता: २४ तासांत जास्तीत जास्त १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही १२ तासांत ८०० पेक्षा जास्त नाही. म्हणजे दिवसाला सोळा पफ, बारा तासांत आठ.

त्यातलं छातीत फार थोडं पोचतं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ डबी, न लावता ओढलं तर साधारण दहा ते वीस टक्के फुप्फुसात जातं, बाकीचं टाळूवर, जिभेवर, घशात बसतं आणि गिळलं जातं. गिळलेल्या भागाचं आतड्यात आणि यकृतात बऱ्याच अंशी सल्फेटच्या जोडीत, म्हणजे सल्फेटला जोडलेल्या रूपात, रूपांतर होतं. प्रयोगशाळेत ही सल्फेटची जोडी मोजत नाहीत. मुक्त सालब्युटामॉल आणि त्याची ग्लुक्युरोनाइडची जोडी यांची बेरीज घेतात. छातीतून रक्तात गेलेलं औषध मात्र बरंचसं मूळ रूपात मूत्रपिंडातून बाहेर पडतं. तेव्हा पफ तेवढेच असले तरी ओढण्याच्या पद्धतीनुसार लघवीतला आकडा बदलतो. शिवाय माणसामाणसांत फरक आहे, आणि एकाच माणसात सोमवारी एक तर गुरुवारी दुसरा आकडा येतो.

यात आता पाण्याचा हिशेब घाला. समजा शर्यतीच्या चार-पाच तासांत मूत्राशयात २०० मायक्रोग्रॅम सालब्युटामॉल जमा झालं. सायकलपटूने पाणी चांगलं प्यायलं असेल आणि लघवी २५० मिलिलिटर जमली असेल, तर दर मिलिलिटरला ८०० नॅनोग्रॅम. काही प्रश्न नाही. तोच माणूस उन्हात सुकला आणि लघवी १०० मिलिलिटरच झाली, तर २०००. औषध तेवढंच, माणूस तोच, फक्त पाणी कमी. २०० मायक्रोग्रॅम म्हणजे आठ पफच्या परवानगीचा चौथा भाग. हे आकडे फ्रूमचे नाहीत, नुसती पाटीवरची आकडेमोड आहे. पण यावरून लक्षात यावं की '२००० म्हणजे बत्तीस पफ' हे त्या डिसेंबरात गल्लोगल्ली ऐकू आलेलं गणित का चुकीचं होतं. लघवीतल्या तीव्रतेवरून पफांचा आकडा उलटा काढता येत नाही.

गंमत अशी की चाचणीचा नियम पातळ लघवी घेत नाही, घट्ट मात्र बिनतक्रार घेतो. किमान ९० मिलिलिटर नमुना लागतो. तिथेच रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणावर विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या मानाने लघवी किती घट्ट आहे ते, पाहतात आणि ते १.००५ च्या खाली असेल तर पुन्हा नमुना मागतात (१५० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त नमुना असेल तर १.००३ चालतं). 'फार घट्ट आहे, अर्ध्या तासाने या' असं कुणी म्हणत नाही.

२००० चे १४२९ कसे झाले

या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी बारकी गोष्ट इथे आहे. १००० ही नियमातली मर्यादा. यंत्राच्या मोजणीतली अनिश्चितता धरून प्रयोगशाळा १२०० ओलांडल्यावरच निकाल प्रतिकूल म्हणून कळवते. मार्च २०१८ पासून वाडाच्या तांत्रिक दस्तऐवजात आणखी एक पायरी आली: लघवी फार घट्ट असेल तर आकडा १.०२० या विशिष्ट गुरुत्वाच्या मानाने खाली आणायचा. कृती सोपी आहे. ०.०२० ला नमुन्याच्या गुरुत्वातून १ वजा करून उरलेल्या आकड्याने भागायचं आणि आलेल्या उत्तराने मोजलेल्या आकड्याला गुणायचं. २००० ची दुरुस्ती होऊन १४२९ उरल्याचं पुढे छापून आलं. हिशेब उलटा लावला तर नमुन्याचं गुरुत्व १.०२८ च्या आसपास येतं. म्हणजे चांगलीच पिवळीजर्द, सुकलेली लघवी.

म्हणजे मर्यादेच्या 'दुप्पट' वाटणारी गोष्ट निर्णयाच्या रेषेच्या १९ टक्के वर इतकीच निघाली. रेषा ओलांडली होती हे खरं. पण बोभाटा दुपटीचा झाला आणि भांडण पाचव्या हिश्शाहूनही कमी फरकाचं होतं.

मुळात ही रेषा कशासाठी? गोळी किंवा सिरपमधून मोठ्या मात्रेत घेतलेलं सालब्युटामॉल स्नायूंवर परिणाम करू शकतं, म्हणून तोंडाने घ्यायला पूर्ण बंदी आहे. पंपाच्या नेहमीच्या मात्रेने निरोगी माणसाचा दम वाढत नाही, असं बहुतेक अभ्यास सांगतात. गोळी घेणारा आणि पंप ओढणारा वेगळे ओळखता यावेत म्हणून १००० चा आकडा आखला गेला. या नियमांच्या घडणीत भाग घेतलेले ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर केन फिच यांनीच फ्रूमच्या बाजूने मत दिलं. त्यांचं म्हणणं असं की मूळ अभ्यास बहुतांशी तासभर पोहणाऱ्या जलतरणपटूंवर झाले होते. पाच तास सायकल मारणाऱ्या माणसाला ती पट्टी लावणं बरोबर नाही. नियम करणाऱ्यानेच आपल्या पट्टीवर बोट ठेवावं, असं क्रीडाक्षेत्रात फार क्वचित पाहायला मिळतं. नेदरलँड्समधल्या लायडनच्या औषधशास्त्रज्ञांनीही २०१८ मध्ये संगणकी प्रतिकृतीवरून हेच दाखवलं: परवानगीतली मात्रा घेऊनही काही जण रेषेच्या वर जाऊ शकतात, आणि परवानगीबाहेरची मात्रा घेऊनही काही जण खाली राहू शकतात.

सिद्ध करायचं कुणी, आणि कसं

नियमाची भाषा अशी की आकडा १००० च्या वर गेला की वापर उपचारापुरता नव्हता असं गृहीत धरायचं आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी खेळाडूची. त्यासाठी ठरलेला मार्ग म्हणजे नियंत्रित औषधगती चाचणी. देखरेखीखाली खेळाडूला परवानगीतली मात्रा ओढायला लावतात, मग ठरावीक वेळांनी लघवीचे नमुने घेतात आणि परवानगीत राहूनही आकडा तेवढा चढतो का ते पाहतात. चढला तर सुटका.

कागदावर हे न्याय्य दिसतं. प्रत्यक्षात खोलीत बसलेल्या, विश्रांती घेतलेल्या, पोटभर पाणी प्यायलेल्या माणसावर ही चाचणी होते. अठरा दिवस शर्यत काढलेला, आजारी, सुकलेला, आठवडाभर कमीजास्त पफ घेत आलेला माणूस प्रयोगशाळेत उभा करता येत नाही. फ्रूमच्या बाजूने नेमका हाच मुद्दा लावून धरला. त्याने वाडाकडून मर्यादेमागची शास्त्रीय माहिती मागितली आणि ४ जून २०१८ ला तज्ज्ञांच्या अहवालांसह खुलासा दिला. २८ जूनला वाडाने यूसीआयला कळवलं की हा निकाल नियमभंग धरणार नाही, आणि २ जुलैला यूसीआयने प्रकरण बंद केलं. टूर सुरू व्हायला पाच दिवस होते आणि आयोजक त्याला बाहेर ठेवण्याच्या तयारीत होते.

वाडाची कारणं तीन: एकाच व्यक्तीत आकडा खूप कमीजास्त होतो, नोंदलेल्या आजारपणात चाचणीच्या आधी थोड्या काळात मात्रा बरीच वाढली होती, आणि ती परिस्थिती औषधगती चाचणीत पुन्हा उभी करणं व्यवहार्य नव्हतं. 'नोंदलेल्या' या शब्दावर थांबा. आजार डॉक्टरांच्या कागदावर होता. तोंडी सांगितलेल्या आजाराला या कारणमीमांसेत जागा नाही.

यात पैशाचा भाग नाकारता येत नाही. मोठे वकील आणि मोठे तज्ज्ञ सगळ्यांना परवडत नाहीत, आणि आधीच्या खेळाडूंचं काय झालं ते पाहिलं की हे बोचतं. इटलीचा स्प्रिंटर आलेस्सान्द्रो पेताक्की २००७ च्या जिरोत १३०० च्या पुढे गेला. त्याचा हेतू वाईट नव्हता, चुकून पफ जास्त झाले असावेत, असं क्रीडा लवादाने मानलं, तरीही बंदी आली आणि त्या जिरोतले टप्पे गेले. घट्ट लघवीची दुरुस्ती त्या वेळी नियमात नव्हती. दिएगो उलिस्सी २०१४ च्या जिरोत १९०० वर सापडला आणि नऊ महिने बाहेर बसला. नॉर्वेचा स्कीपटू मार्टिन सुंदबी याचं प्रकरण वेगळ्या जातीचं. त्याने पंप वापरला नव्हता, नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं यंत्र, लावला होता. यंत्रातलं बरंचसं औषध हवेत उडून जातं, छातीत परवानगीएवढंच जातं, असा त्याच्या बाजूचा हिशेब होता. २०१६ मध्ये लवादाने तो फेटाळला. मोजायची ती डबीवर छापलेली मात्रा, फुप्फुसात पोचलेली नाही. दोन महिन्यांची बंदी आली, पण त्यापेक्षा मोठा घाव म्हणजे २०१४-१५ चा विश्वचषक आणि टूर दे स्की ही दोन्ही विजेतेपदं गेली.

सुंदबीचा मुद्दा आपल्याकडच्या पालकांनी पाठ करावा. इथल्या दवाखान्यात धाप लागलेल्या मुलाला सर्रास वाफ देतात. त्या वाफेच्या प्लॅस्टिकच्या छोट्या नळीत २.५ मिलिग्रॅम सालब्युटामॉल असतं, म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम. दिवसाची मर्यादा १६००. एका वाफेत नियम मोडला. मूल गुदमरत असताना वाफ द्यायचीच, त्यात दुमत नाही, जीव आधी. पण त्याच दिवशी दवाखान्याचा कागद, छातीतल्या आवाजाची आणि ऑक्सिजनची नोंद, दिलेल्या औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ घेऊन ठेवायची आणि टीयूई, म्हणजे उपचारासाठीची सूट, मागायची. तातडीच्या उपचारासाठी ती नंतरही मागता येते.

डॉक्टरांच्या बाजूने पाहिलं तर

नियम बाजूला ठेवून नुसत्या दम्याच्या नजरेने या प्रकरणाकडे पाहिलं तर वेगळा प्रश्न उभा राहतो. निळा पंप दिवसाला आठ-दहा पफपर्यंत जात असेल तर दमा ताब्यात नाही, हे कुठलाही छातीचा डॉक्टर सांगेल. सालब्युटामॉल पाच मिनिटांत नळ्या मोकळ्या करतं आणि परिणाम चार ते सहा तास टिकतो, पण नळीच्या आतली सूज ते कमी करत नाही. रोज ओढलं की शरीर त्याला सरावतं आणि व्यायामाआधी मिळणारं संरक्षण कमी होत जातं. म्हणून २०१९ पासून जागतिक दमा मार्गदर्शिकेत नुसत्या निळ्या पंपावर भिस्त ठेवू नये असं स्पष्ट आहे. ओढायचं स्टिरॉइड, किंवा स्टिरॉइड आणि फॉर्मोटेरॉलचा एकत्र पंप, हा पाया.

ओढायच्या स्टिरॉइडला नियमात बंदी नाही. फॉर्मोटेरॉल २४ तासांत ५४ मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, लघवीतली मर्यादा ४० नॅनोग्रॅम. व्हिलान्टेरॉल २५ मायक्रोग्रॅमपर्यंत. माँटेलुकास्टच्या गोळीला बंदी नाही. बंदी आहे ती स्पर्धेच्या काळात तोंडाने घ्यायच्या किंवा टोचायच्या स्टिरॉइडला. शर्यतीच्या मध्यावर दमा चिघळला तर खरा उपाय पुष्कळदा प्रेडनिसोलोन हे तोंडाने घ्यायचं स्टिरॉइडच असतं, आणि त्याला टीयूई लागतो. फ्रूमने २०१४ मध्ये तूर द रोमांदी या शर्यतीच्या वेळी असा टीयूई घेतला होता, शर्यत जिंकली आणि टीकेचा धनीही झाला. २०१६ मध्ये रशियन हॅकरांनी खेळाडूंचे टीयूई उघड्यावर टाकले, तेव्हा त्याच्या संघात पूर्वी असलेल्या ब्रॅडली विगिन्सची ट्रायअॅम्सिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं चव्हाट्यावर आली. त्यानंतर कुठल्याही संघाला टीयूई मागणं म्हणजे स्वतःहून बदनामी ओढवून घेणं वाटू लागलं. आमचं मत असं की कायदेशीर मार्गाची लाज वाटू लागली की सगळा भार निळ्या पंपावर येतो, कारण त्याला कागद लागत नाही. दम्यासाठी आणि खेळाडूसाठी, दोघांसाठीही हे वाईट.

आणखी एक. सहनशक्तीच्या खेळांत दमा इतका का दिसतो, यात संशय घेण्यासारखं फारसं काही नाही. ऑलिम्पिक खेळाडूंत साधारण ७ ते ८ टक्के जणांना दमा किंवा अतिसंवेदनशील श्वासनळ्या असतात. मिनिटाला शंभर-दीडशे लिटर हवा तोंडाने ओढली की नाकाची गाळणी आणि ओलावा दोन्ही चुकतात, श्वासनळीच्या अस्तराचं पाणी उडतं, पेशी चिडतात आणि नळी आवळते. पोहणाऱ्यांना क्लोरिनचे वायू, स्कीपटूंना गार कोरडी हवा, सायकलवाल्यांना परागकण आणि धूर. बंद हॉलमधल्या तरणतलावाचा तो ओळखीचा उग्र वास क्लोरिनचा कमी आणि घाम-लघवीशी मिसळून झालेल्या क्लोरामाइनचा जास्त असतो. आंघोळ न करता तलावात उतरणारे त्यात रोज भर घालतात.

पण प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे. आवाज श्वास आत घेताना येत असेल, घशाशी आवळल्यासारखं होत असेल आणि थांबल्यावर पाच मिनिटांत मोकळं वाटत असेल, तर बहुधा स्वरयंत्र आवळतंय आणि पंपाचा काही उपयोग नाही. दम्यात त्रास व्यायाम थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांनी वाढतो. खात्री करायची तर स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात जोरात फुंकून श्वास मोजायची तपासणी: पंपानंतर पहिल्या सेकंदाचा उच्छ्वास १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढला पाहिजे. खेळाडूंची साधी स्पायरोमेट्री बहुधा उत्तमच येते. म्हणून पुढची पायरी कोरड्या हवेची: ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली कोरडी हवा सहा मिनिटं जोरात ओढायची आणि मग फुंकायचं. १० टक्के किंवा जास्त घट आली तर निदान पक्कं. टीयूईच्या अर्जाला असाच छापील आलेख लागतो, 'लहानपणापासून दमा आहे' एवढ्या वाक्यावर काम होत नाही.

आजचा नियम आणि आपल्याकडचे खड्डे

१ जानेवारी २०२२ पासून खिडकी अरुंद झाली: दिवसाची मर्यादा १६०० च राहिली, पण कुठल्याही डोसपासून पुढच्या ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे सहा पफ. ही सरकती खिडकी आहे, मध्यरात्री शून्यावर येणारी नाही. समजा सकाळी ९ ला चार पफ घेतले, दुपारी १ ला दोन. कोटा संपला. साडेचारला आणखी दोन घेतले तर आठ तासांत आठ झाले आणि नियम मोडला. दिवसभरात सोळापैकी आठच झाले होते, हे सांगून उपयोग नाही. स्पर्धेच्या दिवशी व्यायामाच्या १५ मिनिटं आधी एक ते दोन पफ हा साधा पाया धरला, तर अडचणीच्या वेळेसाठी चार शिल्लक राहतात. त्या चारानेही छाती मोकळी झाली नाही, तर शर्यत सोडून डॉक्टर गाठायचा.

ओढण्याची पद्धत नीट नसेल तर सहाचे तीनच पोचतात आणि मग मुलं आणखी दाबतात. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, दाबताच सावकाश ओढा, दहापर्यंत रोखा, पुढच्या पफआधी अर्धा ते एक मिनिट थांबा. स्पेसर लावला तर घशात कमी बसतं. एका वेळी एकच पफ त्यात सोडायचा. चार पफ भरून एकदम ओढणं हा प्रकार खेळाडूंच्या तंबूत नेहमी दिसतो आणि त्यात बरंच औषध प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटून वाया जातं.

सर्वांत मोठा खड्डा आपल्याकडे पंपाचा नाहीच, खोकल्याच्या औषधाचा आहे. इथल्या कितीतरी सिरपांत टर्ब्युटालिन किंवा लेव्होसालब्युटामॉल असतं, सोबत अँब्रॉक्सॉल किंवा ब्रॉमहेक्सिन आणि ग्वायफेनेसिन. तोंडाने घेतलेल्या अशा औषधाला स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर, दोन्ही वेळी बंदी आहे, आणि मर्यादेची सवलतही नाही. टर्ब्युटालिन तर पंपातूनही टीयूईशिवाय चालत नाही. राज्य स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात घसा धरला, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून बाटली आणली, दोन चमचे घेतले, एवढं पुरे होतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये रिक डिमाँट या अमेरिकन मुलाचं ४०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण गेलं ते दम्याच्या गोळीतल्या इफेड्रिनमुळे. औषध त्याने अर्जात लिहिलं होतं. त्यात काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं. बाटलीच्या मागच्या बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, तेवढे वाचायला मिनिट लागत नाही. पंपाच्या बाबतीतही हेच. नियमात सूट सालब्युटामॉलच्या नावाने आहे. लेव्होसालब्युटामॉलचा पंप मिळाला तर 'एकच की' असं मेडिकलवाल्याच्या तोंडून ऐकून वापरू नये, नाडाकडून, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडून, लेखी उत्तर घ्यावं. टीयूईचा अर्जही देशपातळीच्या खेळाडूंनी नाडाकडेच करायचा, स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी.

नमुना देताना जो फॉर्म भरतात त्यात गेल्या सात दिवसांतली औषधं लिहायला जागा असते. बहुतेक मुलं तिथे 'अस्थमा पंप' एवढंच लिहितात, काही जण लाजून तेही नाही. तिथे लिहायचं ते असं: सालब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम, आज सकाळी ६.१५ ला दोन पफ, ८.४० ला दोन. काल संध्याकाळी दोन. गेल्या मंगळवारपासून सर्दी, डॉक्टरांचा कागद सोबत. हे ऐनवेळी आठवत नाही, म्हणून पंपाच्या डबीला रबर लावून त्यात छोटी चिठ्ठी आणि पेन्सिलीचा तुकडा ठेवायचा. प्रत्येक पफनंतर वेळ लिहायची. आणि फॉर्मची खेळाडूची प्रत घरी आणून फाइलला लावायची, निकाल स्वच्छ आला तरी.